आत माणसं

रास्ता पेठेतल्या आमच्या प्रार्थनालयाच्या दारात
वाळूच्या पोत्यांची छातीएवढी भिंत आहे
आणि तिच्यामागे, पाळीपाळीनं, एक हवालदार.
या महिन्यात सानप.
रोज संध्याकाळी तो वहीत लिहितो : आत माणसं अकरा.
आमच्या हिशोबात मात्र आम्ही नऊच.
दहा पुरुष भरल्याशिवाय सेफेर पेटीतून निघत नाही;
मी आणि रिबेकामावशी
फक्त पोलिसांच्या वहीत भरतो.

मांडवांचा सण आला.
हनोखमामांनी बुरूड आळीतून बांबू आणले,
झावळ्या कुणाच्या तरी परसातून.
मागच्या फरशीवर मांडव उभा राहिला.
धक्का दिला की हलतो. चालतं.
छप्पर विरळ हवं, रात्री आतून चांदण्या दिसायला हव्यात.
तो नियम आहे, गरिबी नव्हे.
पक्कं घर पाठीशी ठेवून
सात दिवस जेवायचं ते असल्या छपराखाली.

सानप डोकावला.
पोत्यांकडे बघितलं, झावळ्यांकडे बघितलं.
"ताई, बाहेर एवढा बंदोबस्त, आणि आत हे?"

काय सांगणार.
माझे पणजोबा अष्टमीला घाणा चालवायचे.
शनिवारी बैलाच्या मानेवरचं जू उतरवायचे,
कारण मिसरातून सुटका झाली ती
त्यांच्या मते बैलाचीही झाली होती.
एवढीच त्यांची सत्ता : एक बैल.
तिलाही सातव्या दिवशी वेसण.
आजोबा पलटणीत गेले, सुभेदार झाले,
दुसऱ्याच्या राज्याची बंदूक तीस वर्षं पुसत राहिले.

आणि मावशीचा नातू अश्दोदला.
त्याच्या घरात एक खोली लोखंडी दाराची,
भोंगा वाजला की पळायचं तिथं.
बंदूक आता त्याच्याही खांद्यावर, आपल्याच राज्याची.
परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला,
"आता आपल्याला कुणी हात लावू शकत नाही."
बोलताना त्याची पापणी सारखी उडत होती.
मावशीनं विचारलं, "जेवलास का?"
मला दुसरंच विचारायचं होतं,
तुझ्या हातानं कुणाचं छप्पर गेलं का, रे.
फोन कट झाला.
की मीच केला.

सानपला मी यातलं काही बोलले नाही.
तोच म्हणाला,
"आमची कोपी अशीच असायची. बारामतीकडं, कारखान्यावर.
पाचटाची. आई तीनला उठायची, कोयता घेऊन.
आतून चांदण्या दिसायच्या की.
पण नियम नव्हता तो."
हसत म्हणाला.
मी झावळी सारखी करत राहिले, ती सारखीच होती.

"बसा, जेवून जा," मामा म्हणाले.
नारळाच्या रसातलं मटण होतं.
"आज गुरुवार, मटण नको. नुसता भात वाढा."
ज्याचे त्याचे नियम.
बंदूक खाली ठेवता येत नाही म्हणून
मांडीवर आडवी घेऊन बसला,
तोंड भिंतीकडे करून. बंदुकीचं.

मग परतीचा पाऊस,
आधी दोनचार थेंब, मग झावळ्यांतून सरळ.
मामा म्हणाले, रश्श्यात पाणी पडलं
की उठून आत जायची मुभा आहे.
शास्त्रातच आहे.
पहिला थेंब पडला तो बंदुकीवर.
सानपनं रुमालानं आधी ती पुसली,
मग तळहातानं भात झाकला.
आम्ही कुणी उठलो नाही.
धर्म म्हणून नव्हे;
एकट्याला भिजत ठेवून कसं उठायचं,
एवढंच असेल.

जाताना त्याची वही पोत्यांवर उघडी होती.
लिहिलं होतं : आत माणसं बारा.
त्यावर काट मारून, खाली :
अकरा.